‘कुणीतरी केलंय’ : करणीच्या संशयानं तुटलेल्या भावकीबद्दल

मार्कंडेयकाठ

मांजर आडवं गेलं म्हणून थांबणारा माणूस दोन मिनिटं उशिरा पोचतो. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्याचे शनिवारी थोडे पैसे जातात. या गोष्टींवर पुष्कळ बोलून झालंय. मला बोलायचंय ते करणीबद्दल, कारण तिच्यात नुकसान स्वतःचं होत नाही, दुसऱ्याचं होतं. आणि तो दुसरा बहुतेक वेळा घरातलाच असतो.

आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ. मधली भिंत सामाईक, परड्यातली विहीर सामाईक. धाकट्याच्या बायकोचा गर्भ दोनदा पडला. तिसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर सासूनं तिला देवरशाकडे, म्हणजे कौल सांगणाऱ्या भगताकडे नेलं. त्यानं तांदूळ मांडले, डोळे मिटले आणि सांगितलं, “उगवतीकडच्या घरातली बाई हाय. नात्यातलीच हाय. तुमचं चांगलं बघवत नाही तिला.” उगवतीला थोरल्याचं घर. म्हणजे थोरली जाऊ. नाव त्यानं घेतलं नाही, घ्यायची गरजच पडली नाही.

अमावस्येला उतारा टाकला, कोंबडं कापलं, उंबऱ्याखाली काहीतरी पुरलं. पुढं शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर थायरॉईड निघाला. गोळी सुरू झाली, दिवस भरले, मुलगी झाली. चांगली खेळती आहे.

आजार गेला, पण जावेवरचा ठपका गेला नाही. घरात आजही असंच म्हणतात की देवरशानं बंदोबस्त केला म्हणून पोर जगलं. थोरल्या जावेला बारशाचं बोलावणं नव्हतं. ती हळदी-कुंकवाला कुणाकडं गेली की बायका लेकरांना पदराआड घेतात. विहिरीवर पाणी काढायच्या वेळा वेगळ्या झाल्या, मग भिंतीवर आणखी चार थर चढले. ती बाई आता यात्रेलासुद्धा बाहेर पडत नाही.

गोळीनं थायरॉईड आटोक्यात येतो. जावेचं नाव मागं कोण घेणार? ज्यांच्या घरात असं घडलं आणि ज्यांनी ते निस्तरलं, त्यांनी कृपा करून लिहावं. कायद्याचं कुणाला माहीत असेल तर तेही.

---

येळ्ळूरची_लेक

वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या आजोळी अगदी हेच. फक्त तिथं मूल नव्हतं, म्हैस होती. म्हैस आटली आणि चुलतीवर नाव आलं.

हे देवरशी बोलतात कसं ते मी जवळून बघितलंय. बाहेर रांगेत बसलेल्यांत त्याचा एक माणूस असतो. तो सहज विचारतो, “कुठलं गाव? कुणाचं काय दुखतंय? घरी कोण-कोण असतंय?” आत जाईपर्यंत निम्मी माहिती पोचलेली असते. आणि “उगवतीकडचं घर” हे सांगायला कसलीच विद्या लागत नाही. आपल्या गावांत वाटणी होते तेव्हा एकाच वाड्याचे तुकडे पडतात. उगवतीला चुलता, मावळतीला भाऊ. कुठलीही दिशा सांगा, तिथं भावकीच असणार. त्यात जमिनीचा, बांधाचा, सामाईक विहिरीचा वाद बहुतेक घरांत असतोच. तो फक्त त्या वादाला बोट दाखवतो, पुढचं आपणच पुरं करतो.

---

तंबाखूपट्टा

निपाणीकडून लिहितोय. माझी आई वखारीत तंबाखू निवडायला जायची. तिच्यासोबतच्या बायका देवरशाकडं का जायच्या, हे मला लहानपणापासून दिसलंय. मोठ्या दवाखान्यात गेलं की दिवसाची हजेरी बुडते, एसटीचं भाडं, तपासणीचे पैसे, वर डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी देऊन बाहेर काढणार. देवरशी अर्धा तास ऐकून घेतो. “तुझा काही दोष न्हाई बाई, दुसऱ्यानं केलंय” असं म्हणतो. दिवसभर बोलणी खाणाऱ्या बाईला तुझा दोष नाही असं सांगणारा तोच एकटा असतो. हा धागा वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, म्हणजे आपण त्या बायकांना अडाणी म्हणणार नाही.

पण त्या दिलाशाची किंमत दुसरीच बाई भरते. तिथं माझं मार्कंडेयकाठ यांच्याशी पूर्ण जुळतं.

एक मात्र सांगतो. आप्पाचीवाडी-कुर्लीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेला मी दरवर्षी जातो आणि भाकणूक, म्हणजे देवाच्या नावानं सांगितलेलं भविष्य, ऐकतो. पाऊस, पिकं, दर, राजकारण, सगळ्यावर भाकणूक होते, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते. तिथं कुणाच्या सुनेचं, कुणाच्या जावेचं नाव निघत नाही. सगळा समाज एकत्र बसून ऐकतो आणि घरी जातो. भाकणुकीला या देवरशांच्या रांगेत बसवू नका.

---

घाटावरचा_डॉक्टर

खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलालगतच्या गावांत मी बरीच वर्षं काम केलं. करणीच्या गोष्टी पुष्कळदा जिथून सुरू होतात ती जागा मला माहीत आहे: उशिरा आणलेला पेशंट.

साप चावला की आधी मंत्रानं विष उतरवणाऱ्याकडे नेतात. त्याला यश का येतं ते नीट समजून घ्या. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष टोचतोच असं नाही. म्हणजे त्याच्याकडे आलेल्यांतली पुष्कळ माणसं त्यानं काहीही केलं नसतं तरी जगलीच असती. ती गावभर त्याचं नाव काढतात. जे मरतात त्यांच्याबद्दल “वेळ भरली होती” किंवा “घरातल्या कुणीतरी उलटं केलं” असं बोललं जातं. यश त्याच्या पदरात, अपयश शेजारणीच्या.

मण्यारचं विशेष सांगतो, कारण तिच्यामुळं सगळ्यांत जास्त घोळ होतो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी कधी खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं, मग श्वास थांबत जातो. घरच्यांना सापाचा संशयच येत नाही. रात्री धडधाकट झोपलेला तरणा मुलगा सकाळी डोळे उघडत नाही म्हटल्यावर पहिला विचार येतो तो बाहेरच्या बाधेचा. अशा पेशंटला घेऊन देवाच्या दारात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. वेळेत प्रतिविष आणि श्वासाला आधार मिळाला तर हा माणूस वाचतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, सरळ गाडी करायची. 2024 च्या फेब्रुवारीपासून कर्नाटकात साप चावल्याची प्रत्येक केस दवाखान्यानं आरोग्य खात्याला कळवणं बंधनकारक झालंय.

काविळीचंही तसंच. हाताला आंब्याच्या आतल्या सालीचा रस लावतात आणि चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतात. पाणी पिवळं होतं, लोक म्हणतात कावीळ उतरली. तुमचा-माझा निरोगी हात तसाच धुतला तरी पाणी पिवळंच होणार. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून तोडगा खरा वाटतो. पण पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल किंवा लिव्हरच खराब होत असेल, तर तेच आठवडे जीवावर बेततात.

कुत्रं चावल्यावर मात्र कुणाचंही ऐकू नका. जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

---

उदं_गं_आई

सगळं वाचतोय. सापाचं, कुत्र्याचं मान्य. पण अशा चर्चांचा शेवट कुठं होतो ते मला माहीत आहे. शेवटी देवीवरच येता तुम्ही लोक.

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या यल्लमाचा जग, म्हणजे डोक्यावर घ्यायची देवीची मूर्ती, आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर माघी पुनवेला बैलगाडीनं जायचो, आता टेम्पोनं जातो. कोल्हापूर, सांगली, इकडं धारवाड, विजापूर, सगळीकडून माणूस येतो. भाषेचं भांडण तिथं कुणी करत नाही. मराठी माणूस कानडी माणसाच्या कपाळाला भंडारा लावतो. माझी आई गेली तेव्हा मला डोंगरावरच शांत वाटलं. हीसुद्धा अंधश्रद्धाच का?

---

मार्कंडेयकाठ

@उदं_गं_आई, नाही. आमच्या घरचीही वारी आहे डोंगराची. तुमच्या भक्तीबद्दल एक शब्द मी लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. देवीपुढं डोकं टेकवल्यानं कुणाच्या जावेचं आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. देवीचं नाव घेऊन कुणावर बोट दाखवलं जातं, तेव्हा माझं भांडण सुरू होतं.

---

चिक्कोडीच्या_बाई

मी शाळेत शिकवते आणि मला इथं बोललंच पाहिजे, कारण देवीच्या नावानं बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होत नाही असं मला म्हणता येत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणीच, सात वर्षांच्या असताना, देवीला सोडलं होतं. पुढं त्यांनी घटप्रभेच्या ‘मास’ या संस्थेतून हजारो देवदासी बायकांना उभं केलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कर्नाटकात देवदासी प्रथेवर बंदीचा कायदा 1982 सालीच झाला. तरीही 2007-08 च्या सरकारी पाहणीत राज्यात 46 हजारांहून जास्त देवदासी बायकांची नोंद झाली. नदीपलीकडं गडहिंग्लजला 1975 साली देवदासींची परिषद भरली होती, म्हणजे आपल्या भागात या प्रश्नावर काम करणारी माणसं तेव्हापासून आहेत.

आणि मुलगी सोडायचं कारण काय असायचं? पुष्कळदा केसातली जट. जट आली म्हणजे आईचं बोलावणं आलं. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती, तिला जट आली आणि घरच्यांनी विंचरणं बंद केलं. मानेला वजन, डोक्यात उवा, वास येतो म्हणून पोरं शेजारी बसेनात. शेवटी तिनं शाळाच सोडली. कुणी तिला देवीला सोडलं नाही, पण लग्नाचं बोलणंही कुणी करेना.

केसांत कोंडा, घाम, तेल आणि धूळ साचते, केस विंचरायचे राहतात, ते एकमेकांत गुंततात. वर भंडारा आणि तेल घातलं की गुंता घट्ट होत जातो. यात देवीचं बोलावणं कुठं आहे? लांब आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या कुठल्याही बाईच्या केसांत असा गुंता होतो. जट कापली की रक्त येतं, नाक-डोळे जातात, घराचा निर्वंश होतो, असं म्हणतात. केसाला रक्त नसतं. जट सोडवणारे कार्यकर्ते आता महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, दोन्हीकडं आहेत. आधी घरच्यांशी तास-तासभर बोलतात, त्यांची भीती ऐकून घेतात, मगच कात्री हातात घेतात.

@उदं_गं_आई, तुमच्या आईसाठी तुम्ही डोंगरावर गेलात, ते मला कळतं. पण जट आलेल्या मुलीला भीती घालणारेही देवीचंच नाव घेतात. त्यांना थांबवायला तुमच्यासारख्या भक्तांनीच पुढं यायला हवं. आमचं कोण ऐकणार?

---

उदं_गं_आई

बाई, याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्यात एक आत्या जटेतच गेली. शेवटी मान उचलवत नव्हती. कार्यकर्त्यांचा संपर्क कुठं मिळेल ते कळवा, आमच्या वाडीत एक पोरगी आहे.

---

कोर्टगल्ली

कायद्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या. 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडला कन्नड संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात मारलं. कोल्हापूर आणि धारवाड, आपण या दोहोंच्या मधे राहतो. कर्नाटकचा कायदा 2017 मध्ये मंजूर झाला आणि 2020 च्या जानेवारीत अमलात आला. म्हणजे मधली काही वर्षं राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या एका बाजूला जो गुन्हा होता, तो दुसऱ्या बाजूला त्या कायद्याखाली गुन्हा नव्हता.

आता दोन्हीकडं कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साखळीनं बांधणं, भानामती-करणीची भीती घालून पैसे उकळणं, साप-कुत्रं-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे गुन्हे आहेत. उष्ट्या पत्रावळींवर लोळायची मडेस्नानाची प्रथाही कर्नाटकाच्या कायद्यात बंद आहे. इकडं कर्नाटकात शिक्षा एक ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. यात्रा, प्रदक्षिणा, भजन-कीर्तन, ज्योतिष, वास्तू यांना कायदा हात लावत नाही, त्यामुळं कायदा धर्माविरुद्ध आहे हा प्रचार खोटा आहे.

मूळ प्रश्न जावेचा. अमुक बाई करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं अवघड करणं, हे महाराष्ट्राच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. इकडं या प्रकरणात बदनामीची फिर्यादही करता येते. तक्रार द्यायला जाताना कन्नड नीट लिहिता-वाचता येणारा कुणीतरी सोबत न्या, जबाब समजून घेऊन मगच सही करा. पण वकील असूनही सांगतो, भावकीत कोर्ट शेवटी ठेवा. देवरशावर तक्रार करा, सासूवर नको. सासूवर केस झाली की जावेचं नाव साफ होणार नाही, फक्त भिंत आणखी उंच होईल.

---

वडगावकर_शेतकरी

मंगाईदेवीच्या यात्रेआधी आमच्याकडं वार पाळतात. आषाढात मंगळवार-शुक्रवार शेतात औत जात नाही. शहरातली पोरं हसतात. पण त्या दिवशी बैलांना आणि बायकांना विसावा मिळतो, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. कुणी पाळलं नाही तर पूर्वी दंड व्हायचा, ते चूक होतं. आता ज्याला पाळायचं तो पाळतो. मला वाटतं चाळणी एवढीच लावायची: कुणावर सक्ती आहे का, कुणाला त्रास आहे का, कुणी पैसे खातंय का.

---

राकसकोप_रोड

नुसत्या गावातल्या माणसाला बोलून उपयोग नाही. कर्नाटकातल्या चामराजनगरला पाय ठेवला की मुख्यमंत्र्याची खुर्ची जाते, या भीतीनं राज्याचे मुख्यमंत्री वर्षानुवर्षं त्या जिल्ह्याच्या गावाला गेले नाहीत. सिद्धरामय्या पुन्हा पुन्हा गेले आणि 2013 ते 2018 ची मुदत त्यांनी पूर्ण केली. मधल्या काळात त्या गावाच्या गाऱ्हाण्यांचं काय झालं असेल? चामराजनगरच्या लोकांवरही आपल्या जावेसारखाच ठपका होता की.

आपल्याकडं यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी 6 डिसेंबरला बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात रात्र काढतात. लोक बायका-पोरांसह येतात, तिथंच जेवतात. राजकारण बाजूला ठेवा, ज्या पोरानं लहानपणी स्मशानात जेवण केलं त्याला पुढं कुणी स्मशानाची भीती घालू शकत नाही.

आणि 26 डिसेंबर 2019 चं ग्रहण आठवा. कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूरला अपंग लेकरांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं, ग्रहणात बरं होतं म्हणून. ती लेकरं रडत होती. तेही आपल्याच राज्यात.

---

अनामिका_बेळगुंदी

नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा भाऊ बावीस वर्षांचा. रात्रभर झोपत नाही, एकटाच बोलतो, कुणीतरी मला बोलावतंय म्हणतो. आई-बाबा त्याला दर अमावस्येला एका ठिकाणी नेतात. तिथं त्याला छडीनं मारतात, मिरचीची धुरी देतात. मामीनं केलंय असं सांगितलंय, त्यामुळं मामाकडचं येणं-जाणं बंद. मी काय करू? घरात माझं कुणी ऐकत नाही.

---

घाटावरचा_डॉक्टर

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हा आजार आहे, त्यावर औषधं आहेत, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितका फरक पडतो. आज रात्रीच 14416 वर फोन करा. टेलिमानसची ही सरकारी मोफत सेवा आहे, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, डिमहान्स, तिथं दाखवता येईल. बेळगावच्या सरकारी दवाखान्यातही मानसोपचार विभाग आहे.

आई-बाबांशी “तुमचं चुकलं” असं बोलू नका. “देवाचंही करूया, पण मारणं बंद करूया आणि गोळीही देऊया” असं म्हणा. बहुतेक आई-बाप एवढं ऐकतात, कारण लेकराला मार बसताना त्यांनाही बघवत नसतं. आणि मामीला तुम्ही स्वतः फोन करा. तिला कुणीतरी विचारायला हवं.

---

कडोलीचे_तात्या

सगळ्यांचं वाचलं. वय झालंय, टायपिंग हळू होतंय.

मार्कंडेयकाठ, तुम्ही विचारलंत, नाव मागं कोण घेणार. ज्या तोंडानं घेतलं त्याच तोंडानं मागं घ्यायला पाहिजे, आणि चारचौघांत. आमच्या गल्लीत एकदा असं झालं होतं. पंचांनी कुणाला माफी मागायला लावली नाही, कारण माफी मागायला लावली की माणूस ताठतो. महालक्ष्मीची यात्रा होती, अनेक वर्षांनी आलेली, सगळ्या माहेरवाशिणी जमलेल्या. ज्या घरानं संशय घेतला होता त्याच घरातल्या म्हातारीला त्यांनी सांगितलं, तुमच्या नातवाला देवीसमोर न्यायचा मान त्या बाईला द्या. म्हातारी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोर तिच्या हातात दिलं. सगळ्या गावानं बघितलं. त्यानंतर कुणाला पदर झाकायचं कारण उरलं नाही.

हे पंचांकडून झालं तरच होतं, एकट्या-दुकट्यानं सांगून होत नाही. आणि आधी म्हातारीच्या मनातली भीती जायला पाहिजे, नाहीतर पोर हातात देताना तिचेच हात कापतील.

---

मार्कंडेयकाठ

तात्या, हे आमच्या गावात करता येईल. यात्रा कमिटीची बैठक दिवाळीनंतर आहे, दोन्ही भाऊ वर्गणीदार आहेत. पंचांतल्या दोघांशी मी बोलतो. अडचण सासूबाईंचीच आहे. त्यांना अजूनही मनापासून वाटतं की उताऱ्यानंच नात वाचली, आणि त्यात त्यांची माया आहे, दुष्टपणा नाही. डॉक्टर, तुम्ही एकदा येऊन त्यांना थायरॉईडचं सांगाल का?

---

घाटावरचा_डॉक्टर

येतो. रविवार ठेवा, दुपारनंतर. गर्दी नको, सासूबाई, धाकटी सून आणि तुम्ही एवढेच बसूया. सुनेची जुनी फाईल शोधून ठेवायला सांगा, पहिल्या दोन वेळचीही. तेव्हा थायरॉईड तपासला होता का, गोळी कधी सुरू झाली, पुढच्या तपासण्या कशा येत गेल्या, हे कागद मांडून त्यांना एकेक करून दाखवीन. फाईल मिळाली नाही तरी डॉक्टरीणबाईंकडे नोंद असेल, सुनेनं स्वतः जाऊन मागितली तर देतील.